माळ्यावरचा दोर आणि गॅलरीचं कुलूप

नाटकाचा इतिहास लिहिणारे पडद्यापुढं बसून लिहितात. त्यात नट येतो, नाटककार येतो, गाणं येतं, टाळ्या येतात. ‘पडदा वर गेला’ एवढंच लिहून मोकळे होतात. तो कुणी ओढला? डोक्यावर किती वजन लोंबत होतं? हे कोण लिहिणार? मी विंगेतला माणूस. पडदे ओढतो, फ्लॅट उभे करतो. म्हणून हा इतिहास मी मागच्या बाजूनं लिहितो.

युरोप-अमेरिकेतल्या जुन्या थेटरांत रंगमंचाच्या वर एक उंच माळा असे. प्रेक्षकाला तो दिसत नाही. रंगवलेली राजवाड्याची, जंगलाची कापडं सरळ वर ओढून तिथं लपवायची. दोर कप्पीवरून खाली यायचा, खुंटीला गुंडाळायचा. जड कापडाला तोलायला दुसऱ्या टोकाला वाळूची पोती. पुढं पोत्यांच्या जागी लोखंडी वजनं आली, तागाच्या दोराजागी तारेचा दोर आला. तत्त्व वाण्याच्या तराजूचंच. एका पारड्यातलं काढलं की दुसरं धाडकन खाली येणार.

म्हणून कामगारांनी नियम बांधला. दांडा खाली असताना आधी देखावा बांधायचा, मग वजन चढवायचं. सोडताना उलटं : आधी वजन काढायचं, मग देखावा. आणि दांडा हलवण्याआधी ओरडायचं, खाली कोणी उभं असेल तर सरकेल. हा नियम कुण्या पंडितानं पोथीत बसून काढलेला नाही. चुकलं की दोर तळहात सोलून सुटतो आणि खालच्याचं डोकं फुटतं.

पण माळ्याची दुसरी भीती आगीची. कापड, रंग, ताग, लाकूड, आणि त्यातच दिवे. १८८७ च्या ५ सप्टेंबरला इंग्लंडात एक्झिटर गावचं थिएटर रॉयल पेटलं. बांधून वर्षही झालं नव्हतं. वरच्या गॅसच्या दिव्यानं टांगलेलं कापड धरलं. १८६ माणसं मेली. बहुतेक कोण? गॅलरीतली, स्वस्त तिकिटाची. त्यांना उतरायला धड वाट एकच.

मग शहाणपण आलं का? दोस्तांनो, सोळा वर्षांनी शिकागोत काय झालं बघा. इरोक्वॉय थिएटर १९०३ च्या २३ नोव्हेंबरला उघडलं. जाहिरात होती, संपूर्ण अग्निरोधक! ३० डिसेंबरला सुट्टीतला दुपारचा खेळ, बायापोरांची तुडुंब गर्दी. आर्क दिव्याची ठिणगी कापडावर पडली, आग माळ्यात गेली. आगीचा पडदा खाली सोडला, तो मध्येच तिरपा अडकला. पुढं तपासात निघालं की त्या ‘अग्निरोधक’ पडद्यात लाकडाचा लगदा होता. धूर बाहेर जायला छपरात झडपा होत्या, त्या बंद करून ठेवलेल्या. मागची माणसं मोठं दार उघडून बाहेर पडली, तर थंड वारा आत घुसला आणि आगीचा लोळ अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षकांवर गेला.

तारेवर उडणारी नेली रीड भाजून मेली. लिफ्टवाला पोऱ्या आगीतून पुन्हा पुन्हा वर जाऊन नाचणाऱ्या पोरी खाली आणत राहिला. पडद्यामागची बहुतेक माणसं वाचली. त्यांना दार ठाऊक होतं.

आणि वरच्या मजल्यांवर? तिथं जिन्यावर लोखंडी जाळीची दारं, खेळ चालू असताना कुलूपबंद. कशासाठी? तर स्वस्त तिकिटाची माणसं खाली येऊन महाग खुर्चीत बसू नयेत. बस्स, एवढ्यासाठी. प्रेतांचा खच त्या दारांशी पडला. किमान ६०२ माणसं गेली. मालकांपैकी एकावर खटला भरला, १९०७ साली तोही सुटला.

नियम मात्र आले. दारं बाहेर उघडावीत, वाटेवर दिवा असावा, पडदा तपासावा. कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअर विकणारा त्या दुपारी खेळाला जाणार होता, कामानं राहिला. त्यानं सोबत्यांबरोबर दाराचा आडवा दांडा काढला, तो १९०८ साली बाजारात आला. अंगानं रेटलं की दार उघडतं. किल्ली नको, साहेब नको.

हे परक्या मुलखातलं म्हणून सोडू नका. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधवलेलं आणि १९१५ साली सुरू झालेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री जळालं. जीव गेले नाहीत. पण शंभरीपार उभी असलेली वास्तू एका रात्रीत काळी झाली.

आपली पोरं पथनाट्य करतात, जलसे करतात, भाड्याच्या हॉलमध्ये सभा घेतात. भाषण पाठ असतं, दार कुणी बघत नाही. पुढच्या वेळी आधी मागं जा. वरचा दोर ओढून बघा. वायर कापडाला टेकलीय का बघा. दार आत उघडतं की बाहेर, बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारा. आणि ते कुलूप निघाल्याबिगर पडदा वर नेऊ नका.