चिंध्यांचा पुनर्जन्म



आमच्या आईचें लुगडें जीर्ण झालें म्हणजे तें टाकून दिलें जात नसे. त्याची गोधडी होई. गोधडी विरली म्हणजे तिचें पोतेरें होई. दारीं बोहारीण आली, तर अंगास न होणारे कपडे देऊन तिच्याकडून भांडें घेतलें जाई. गृहिणीची हीच रीत एका गांवानें कारखान्यांत कशी नेली, तो वृत्तांत आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत बॅटली नांवाचें गांव आहे. नेपोलियनशीं युद्ध चालू असतां तिकडे लोकरीची टंचाई पडली होती. अशा समयीं, १८१३ च्या सुमारास, तेथील बेंजामिन लॉ यानें लोकरीच्या चिंध्या यंत्रानें पिंजून पुन्हां तंतुरूप केल्या, त्यांत नवी लोकर मिसळली आणि त्या सुताचें कापड विणविलें. या मालास 'शॉडी' हें नांव पडलें. पुढें बॅटली व शेजारचें ड्यूसबरी येथें देशोदेशींच्या चिंध्यांचे गठ्ठे येऊं लागले. स्त्रिया बसून त्यांची रंगवार निवड करीत, शिवणी उसवीत, गुंड्या काढीत. या निवडीमुळें पुष्कळदां नव्यानें रंग देण्याचें कारण पडत नसे. यंत्राखालीं उरलेला कचराही खत म्हणून शेतांत जाई.

परंतु या धंद्यास एक कलंक लागला. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि हजारों सैनिकांसाठीं घाईनें गणवेष हवे झाले. तेव्हां कित्येक मक्तेदारांनीं हलकें शॉडी कापड चांगल्या लोकरीच्या भावानें सरकारच्या गळ्यांत बांधलें. तें अंगावर विरून फाटूं लागलें, आणि 'शॉडी' हा शब्द निकृष्ट व दिखाऊ या अर्थीं इंग्रजींत रूढ झाला. वास्तविक दोष चिंधीचा नव्हता. तिच्याविषयीं खोटें बोलणाराचा होता. पिंजल्यानें तंतु आखूड होतो. त्याचें उबदार कांबळें होतें, पण रणांगणावर टिकेल असें वस्त्र होणें कठीण.

आपल्या देशांत हा धंदा आज पानिपत येथें नांदत आहे. पानिपत म्हटलें कीं मराठी मनाला १७६१ चें दुःख आठवतें. त्याच गांवीं आतां परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचीं कांबळीं होतात.

मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे. १९४१ मध्यें इंग्लंडांत पॉलिएस्टरचा धागा शोधला गेला, आणि पुढें तो सुताशीं व लोकरीशीं सर्रास मिसळूं लागला. अशा कापडांतील तंतु एकमेकांपासून विलग करणें फार कष्टाचें असतें. म्हणून पुनर्जन्माचा विचार कापड फाटल्यावर करून भागत नाहीं. तो विणतांनाच केला पाहिजे, आणि त्यांत काय आहे तें विकतांना खरें सांगितलें पाहिजे.

आमच्या आईला हें कोणीं शिकविलें नव्हतें. नवें लुगडें घेतांना ती त्याचें पोत बोटांनीं चाचपी आणि म्हणे, "याची गोधडी चांगली होईल." मगच दुकानदाराला भाव विचारी.