पारध्याचा फास आणि शास्त्राची गोचीड

पूर्णेहून नांदेडास जाताना चुडावा हे लहानसे स्टेशन लागते. परभणी जिल्ह्यातील या काळ्या रानांशी काळविटाचे नाते जुने, तसेच त्यास फास लावणाऱ्या फासेपारध्याचेही. फास कोठे मांडावा हे ज्यास कळते, त्यास हरणाची वाट, पाणवठा व सवयी ही सारी अवगत असतात. हे ज्ञान पोथीत नाही; तथापि शास्त्राचे त्यावाचून अडते, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

रानटी जनावराच्या अंगावरील गोचीड किंवा यकृतातील कृमी जनावर हाती आल्यावाचून दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेत परवान्याने हरणे मारणारे शिकारी आपली शिकार तपासणीच्या नाक्यावर आणतात आणि संशोधक तिच्या अंगावरील गोचिड्या वेचून घेतात.

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली व लोकांस ताप येऊ लागला. हा ताप गोचिडीच्या चाव्याने पसरतो, असे पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्राने शोधून काढले. त्याचा विषाणू सैबेरियाकडील एका रोगाच्या विषाणूशी सजातीय निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षीच ही गोचीड आणीत नसतील ना, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सलीम अली व मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाने हजारो पक्षी धरून त्यांच्या पायांत कडी घातली. पण पक्षी जिवंत व अक्षत धरावयाचे कोणी? ते काम बिहारच्या मीरशिकारांनी, पिढीजात पक्षी धरणाऱ्यांनी, केले. पक्ष्यांवरील तो आळ सिद्ध झाला नाही. परंतु आळ खोटा की खरा हे पाहण्याचे साधन त्या निरक्षर हातांनीच पुरविले. हाच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात उद्भवला, यावरून त्या कामाचे मोल ध्यानी यावे.

मीरशिकारांस जे मिळाले ते आमच्या पारध्यास मिळाले नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची जी रीत पडली, तिच्या जाळ्यात तोही सापडला. तो कायदा १९५२ साली गेला, डाग मात्र राहिला. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. कळप वाचलेच पाहिजेत. पण आता संशोधक हरणाच्या ताज्या लेंड्यांत जंतांची अंडी शोधतो. त्या लेंड्या कोठे सापडतील, हे पारध्याहून अधिक कोणास ठाऊक? फास सुटला म्हणून त्या मागची विद्याही टाकून द्यावी, हे शहाणपणाचे नव्हे.