अंड्याचे सूत्र आणि अंड्याचे कारण

उत्तरेकडील समुद्रांच्या काठी राहणारा गिलेमॉट हा पक्षी घरटे बांधत नाही. उभ्या कड्यावरील खडकाच्या अरुंद पायरीवर तो एकच अंडे घालतो, आणि ते अंडे एका टोकाला कमालीचे निमुळते असते. असे का? धक्का लागल्यास अंडे सरळ घरंगळत न जाता जागच्या जागी गोल फिरावे म्हणून, हे उत्तर पिढ्यानपिढ्या दिले गेले. व्याख्यानांत मीही ते खात्रीने सांगितले आहे. परंतु कारण सांगण्यापूर्वी आकार मोजता आला पाहिजे, आणि त्या मोजमापाचा इतिहास आपल्याला अधिक सावध करतो.

अंड्याला गणितात नीट बसवणाऱ्यांपैकी एक होते फ्रँक प्रेस्टन. व्यवसायाने ते काचतज्ज्ञ होते. १९५३ मध्ये त्यांनी लंबवर्तुळाच्या समीकरणात काही पदे वाढवून पक्ष्यांच्या अंड्यांची बाह्यरेषा मांडली. १९७९ मध्ये डोनाल्ड हॉइट यांनी व्यवहारी वाट दाखवली : लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, गुणिले ०.५१, म्हणजे अंड्याचे घनफळ. ५.७ सेंटिमीटर लांब व ४.४ सेंटिमीटर रुंद कोंबडीच्या अंड्याचे घनफळ यातून सुमारे ५६ घन सेंटिमीटर येते. अंडे अचूक लंबवर्तुळज असते, तर हा गुणक ०.५२४ असता. त्या किंचित फरकात अंड्याचा निमुळतेपणा दडलेला आहे.

२०१७ मध्ये मेरी स्टॉडार्ड, भारतात जन्मलेले व आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीच्या संग्रहालयातील सुमारे १,४०० प्रजातींची जवळपास ५०,००० अंडी छायाचित्रांवरून मोजली. प्रत्येक अंड्यासाठी दोनच संख्या : ते किती लांबट आहे आणि त्याची दोन टोके किती असमान आहेत. घुबडाचे गोलसर अंडे एका कोपऱ्यात, टिटवीच्या जातकुळीतील निमुळती अंडी दुसऱ्या कोपऱ्यात, असा सर्व पक्ष्यांचा एकच नकाशा त्यातून तयार झाला.

महादेवन यांचा प्रश्न भौतिकीचा होता. अंड्याला आकार देते कोण? कवच नव्हे. अंडे व्हिनेगरमध्ये ठेवा. कवच विरघळते, तरी आकार उरतो. तो कवचाखालील पटलाचा असतो. पटलाचे गुणधर्म जागोजागी बदलत असतील आणि आतून दाब असेल, तर गोलापासून निमुळत्या अंड्यापर्यंत सारे आकार मिळतात, हे त्यांच्या प्रतिमानाने दाखवले. प्रजातींच्या तुलनेत आकाराचा संबंध घरट्याच्या प्रकारापेक्षा उड्डाणक्षमतेशी अधिक दिसला. मात्र हा सहसंबंध आहे, सिद्ध कारण नव्हे.

पुढच्याच वर्षी टिम बर्कहेड व सहकाऱ्यांनी गिलेमॉटची अंडी उतरत्या पृष्ठभागावर ठेवून पाहिली. निमुळते अंडे तेथे अधिक स्थिर राहत होते. म्हणजे गोल फिरण्याच्या कौशल्यापेक्षा मुळात न घरंगळण्याचे महत्त्व मोठे असावे. २०२१ मध्ये नारुशिन, रोमानोव्ह आणि ग्रिफिन यांनी चार मापांवर आधारलेले, सर्व पक्ष्यांच्या अंड्यांसाठीचे सूत्र प्रसिद्ध केले. बातम्यांत त्याचे ‘अंड्याचे कोडे सुटले’ असे स्वागत झाले. सुटले ते वर्णनाचे कोडे. पटल आकार कसा देते, हा दुसरा प्रश्न. तोच आकार का टिकला, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला पुरत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी गोळा करण्यास प्रतिबंध आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून संग्रहालयांच्या खणांत जपलेली जुनी अंडी अधिक मोलाची ठरतात. ज्यांनी ती गोळा केली, त्यांना हे प्रश्न ठाऊकही नव्हते. पुढच्या व्याख्यानात मी गिलेमॉटची गोष्ट पुन्हा सांगेन. या वेळी तिच्यावरील आक्षेपासह.