सामाईक पानाची कुळकथा

चार घरी बसलेली चार मुलं एकाच गूगल डॉकवर प्रकल्पाचा अहवाल लिहितात, तेव्हा ही सोय ऑफिसांतून शाळेत आली असावी असं वाटतं. पण या सामाईक पानाची एक शाखा थेट वर्गातच रुजली, तीही कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते.

कुळाचा मूळपुरुष डग्लस एंगेलबार्ट. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत ते व्यासपीठावर होते, सहकारी पन्नासएक किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. तरी दोघं एकच मजकूर पडद्यावर पाहत होते आणि त्यावर काम करत होते. माउसचं जाहीर दर्शन घडलं तेही त्याच दिवशी.

मग १९८५. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ कर्णबधिरांसाठीचं. तिथल्या अनेकांची रोजची भाषा हातांची, अमेरिकन साइन लँग्वेज. तिचं व्याकरण इंग्रजीहून पार वेगळं. इंग्रजी त्यांना भेटायची ती मुख्यतः कागदावर: निबंधात, परीक्षेत, शिक्षकांच्या दुरुस्त्यांत. गप्पा मारायला, वाद घालायला, कुणाला चिडवायला ती क्वचितच उपयोगी पडे. ऐकणारं मूल जे घरात, अंगणात आपसूक उचलतं, ते या मुलांना व्याकरणाच्या धड्यांतून मिळवावं लागे. इंग्रजीचे प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडले. कुणीही लिहिलेलं वाक्य सगळ्यांच्या पडद्यावर उमटू लागलं. शिक्षकांचं वाक्यही त्याच रांगेत. तासभर वर्ग लिहूनच बोलायचा. एकाच वेळी तीन-चार विषय सुरू होत, गोंधळही होई. पण लिहिलेल्या वाक्याला लगेच माणसाचं उत्तर मिळत होतं, आणि भाषा शिकायला याहून मोठं कारण कोणतं? ‘एन्फी’ या नावाने ही पद्धत पुढे ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गांतही गेली.

संवाद जमला, तरी एकाच परिच्छेदात दोघांनी एकाच क्षणी हात घातला तर काय, हा पेच उरलाच. समजा, ‘आज पाऊस पडला’ असं वाक्य आहे. एकाने सुरुवातीला ‘पुण्यात’ घातलं; त्याच क्षणी दुसरीने दुसरा शब्द, म्हणजे ‘पाऊस’, पुसला. तिची आज्ञा पहिल्याच्या संगणकावर पोचेपर्यंत तिथे दुसरा शब्द ‘आज’ झालेला असतो, आणि भलताच शब्द जातो. म्हणून येणारी आज्ञा आधी बदलून घ्यावी लागते: दुसरा नव्हे, तिसरा पुसा. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९मध्ये ही रीत अक्षरांच्या पातळीवर मांडली.

१९९५मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्या कुणालाही बदलता येणारी पानं, सुरू केली, आणि ते दशक सरण्याआधी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क गझ्डियल यांच्या गटाने वर्गांसाठी वेगळी विकी उभारली. २००६च्या मार्चमध्ये गूगलने ‘राइटली’ विकत घेतलं. त्यातूनच गूगल डॉक्स आलं. २००८चं ‘इथरपॅड’ मात्र शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं. त्यात प्रत्येक लिहिणाऱ्याला वेगळा रंग होता, आणि पट्टी सरकवली की कोरं पान कसकसं भरत गेलं ते पुन्हा पाहता येई. निबंध घडताना दिसणं ही शिक्षणासाठी फार मोठी गोष्ट होती.

आपल्याकडे मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून आहे. २०११मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी लेख लिहिणं अभ्यासाचाच भाग केला गेला. बराच मजकूर इतरांचा उचललेला निघाला आणि तो उपक्रम त्याच वर्षी थांबवावा लागला. माझ्या मते दोष साधनाचा नव्हता. तयार उत्तर उतरवून काढणं म्हणजेच लेखन, असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो आहोत, आणि ही सवय नवं पान हाती दिल्याने सुटत नाही. म्हणून शिक्षकांना विनंती आहे: गटाच्या प्रकल्पाला गुण देण्याआधी त्या पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडा, कुणी काय लिहिलं आणि काय खोडलं ते वाचा, आणि मुलं लिहीत असतानाच त्याच पानावर त्यांना प्रश्न विचारा.