डब्लिनच्या दोन दुर्बिणी आणि वसईची गच्ची

29 डिसेंबर 1888 च्या रात्री इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळच्या मॅगहल गावी आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी तारकासमूहातल्या एका अंधुक ठिपक्यावर आपली दुर्बीण चार तास रोखून धरली. नजर लावायच्या जागी छायाचित्राची काच होती. रॉबर्ट्स पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते. इमारतींच्या कंत्राटांत त्यांनी पैसा मिळवला होता आणि तो आकाशावर खर्च करत होते. काच धुतल्यावर तिच्यावर एक तेजस्वी गाभा, त्याभोवती गुंडाळलेले पट्टे आणि पट्ट्यांमधल्या काळ्या फटी उमटल्या. दुर्बिणीला डोळा लावून पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्यांना हा आकार असा कधी दिसला नव्हता. डोळा क्षणभराचाच प्रकाश धरतो, काच मात्र तासन्‌तास साठवत राहते. दीर्घिकांच्या छायाचित्रणाचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

ती दुर्बीण 20 इंच आरशाची होती, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातली. आणि नेमक्या 1888 सालीच ग्रब यांची 20 इंची परावर्ती दुर्बीण घेऊन पुण्यात एक वेधशाळा उभी राहिली. ती तेव्हा देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि पुढे कित्येक दशके तशीच राहिली. मराठी मुलखातल्या या वेधशाळेविषयी आपल्याकडे इतके कमी का बोलले जाते, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

ती उभारली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी. (आडनाव वाचून वसईकराला आपले नायगाव स्टेशन आठवते, पण नावावरून गाव काढण्याचा मोह मी आवरतो.) मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला स्वतः विलायतेला जाऊन तिथल्या जाणत्यांचा सल्ला घेऊन आले. पुढे त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, म्हणजे आजच्या सीओईपीत, आणि वेधशाळाही त्यांच्यामागोमाग पुण्यात आली. देणगीदाराचे नाव तिला मिळाले: महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा.

नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे होता. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवट रेषा दिसे आणि ती कोणत्या मूलद्रव्याची यावर तेव्हा वाद पेटला होता. ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे, असे नॉर्मन लॉकयर यांचे मत होते आणि लॉकयर म्हणजे त्या शास्त्रातले मोठे प्रस्थ. पुण्याहून नायगमवालांनी कळवले की रेषा अगदी बारीक आणि रेखीव आहे, पट्ट्याच्या कडेसारखी पसरट नाही. 1891 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत ते छापून आले. ती रेषा ऑक्सिजनची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजन अणूंची, हे कळायला 1927 साल उजाडावे लागले. गंमत अशी की त्याच पुण्यात राहणाऱ्या लोकमान्यांचे ‘ओरायन’ 1893 मध्ये निघाले. एकाच गावातून एकाच नक्षत्राकडे दोन माणसे बघत होती. एक त्यात वेदांचा काळ शोधत होता, दुसरा वायूची रेषा. 1896 मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ पुण्यात छापला गेला. ज्योतिषाच्या इतिहासात पुण्याला असे दशक पुन्हा लाभले नाही, असे मला वाटते.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी आपली उपकरणे करमाळ्याजवळच्या जेऊरला नेली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच तळ ठोकून होती. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी केवढी तयारी! या कामाचा त्यांचा सविस्तर अहवाल 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि मग 1912. नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण आणि बाकीचे सामान कोडाईकनालला रवाना झाले. चोवीस वर्षांत आरसा आला, घुमट आला, यंत्रे आली. दुसरा नायगमवाला काही तयार झाला नाही. सरकारने सामान हलवले याचा राग येतो खरा, पण वापरणारा माणूसच नसता तर तो आरसा पुण्यात राहूनही काळाच पडला असता. त्यावरचा चांदीचा मुलामा वरचेवर नव्याने द्यावा लागे.

रॉबर्ट्स आपल्या देवयानीच्या चित्राचा अर्थ मात्र चुकले. त्यांना वाटले, ही एखादी सूर्यमाला जन्माला येते आहे. त्या काळी जे अंधुक ते सगळे तेजोमेघ या एकाच खात्यात जमा होई. ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर देवयानीतला एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर निघाले आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडची दुसरी दीर्घिका ठरली. आजच्या मोजणीने ते अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे आहे. हा शोधही काचेवरच लागला. पुण्यात तोवर घुमट रिकामा होऊन अकरा वर्षे झाली होती.

पुण्यात धागा पुन्हा जुळला तो 1944 साली, ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या स्थापनेने. या वेळी मागे संस्थानिक नव्हता, सरकारही नव्हते. होती ती हौशी मंडळी. 1985 मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले आणि वांगणीच्या रात्री मुंबईकरांच्या ओळखीच्या झाल्या. फिल्मवर दीर्घिका टिपणे हे तेव्हा चिकाटीचे काम होते. अंधूक प्रकाशात फिल्मची संवेदनक्षमता उत्तरोत्तर घटत जाई, त्यामुळे दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट प्रकाश साठत नसे. 1969 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सीसीडी हा संवेदक जन्मला आणि हे गणित पालटले. काचेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी एखादाच कामी येई. आजचा चांगला संवेदक ऐंशीच्या वर टिपतो. रॉबर्ट्सांच्या 20 इंची आरशाशी माझ्यासारख्याची लहान दुर्बीण स्पर्धा करू शकते ती यामुळे.

मी वसईत राहतो आणि गच्चीवरून दीर्घिकांची छायाचित्रे घेतो. दुर्बिणीचे भिंग 80 मिलिमीटरचे, मागे आकाशासाठीच बनवलेला कॅमेरा. त्याचा संवेदक विजेवर थंड करून शून्याखाली दहा अंशांवर आणतो, म्हणजे उष्णतेचा खोटा प्रकाश चित्रात येत नाही. हवा 28 अंशांची आणि समुद्राच्या दमटपणाने भरलेली, तेव्हा भिंगावर दव बसू नये म्हणून त्याला बारीक ऊब देणारा पट्टा गुंडाळावा लागतो. एकीकडे थंड करायचे, दुसरीकडे शेकायचे. दोन-दोन मिनिटांची शे-दीडशे चित्रे घ्यायची आणि संगणकावर एकावर एक रचायची. रॉबर्ट्स चार तास एका काचेवर साठवत, मी ते तुकड्यातुकड्याने साठवतो. मधूनच ढग आला तर तेवढा तुकडा फेकून देता येतो, ही सोय त्यांना नव्हती.

इथे एक विचित्र न्याय आहे. नायगमवालांनी पाहिलेली ती हिरवट रेषा, 500.7 नॅनोमीटरची, आज बाजारात मिळणाऱ्या फिल्टरातून बिनबोभाट आत येते आणि शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. त्यामुळे मृगातला तेजोमेघ वसईतूनही छान उतरतो. दीर्घिकेचे तसे नाही. तिचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड, सगळ्या रंगांवर पसरलेला, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्याचा उजेडही तसाच पसरलेला. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश थोड्याच रंगांत एकवटलेला असे, तो गाळता येई. आताचा गाळावा तर दीर्घिकाही गाळली जाते.

मग उपाय उरतो तो वेळ वाढवण्याचा, आणि तिथे आकडेमोड अंगावर येते. शहराचे आकाश गावाच्या आकाशापेक्षा तीन प्रतींनी उजळ असेल, तर गावाकडे एका तासात मिळणारे चित्र मिळवायला शहरात सुमारे सोळा तास लागतात. आमच्या दक्षिणेला मीरा-भाईंदर आणि मुंबई, उत्तरेला नालासोपारा-विरार. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरामागे तेवढा काळोख शिल्लक आहे, आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजूला खरा अंधार. पावसाळ्याचे चार महिने कोणत्याही गावाला आकाश नसतेच. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले डार्क स्काय पार्क हा दर्जा मिळाला, याचा आनंद आहे. पण पेंच विदर्भाच्या पार टोकाला. नायगमवालांच्या काळी आरसा दुर्मिळ होता आणि अंधार फुकट. आता आरसा कुरियरने घरपोच येतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेदहाच्या सुमारास देवयानी वसईच्या आकाशात ऐन माथ्यालगत असते, उत्तरेकडे, क्षितिजापासून 68 अंश वर. ज्या वर्षी लक्ष्मीपूजन या दिवसांत येते, त्या वर्षी अमावास्या तिला आयतीच मिळते, पण त्या रात्री फटाक्यांच्या धुरात कॅमेरा लावण्यात अर्थ नसतो. मी भाऊबीजेपर्यंत थांबतो. तोवर धूर बराचसा ओसरलेला असतो आणि बीजेची कोर सूर्यास्तामागोमाग मावळून जाते.