पहिली मागणी पुऱ्या पगाराची होती

एथ्निक स्टडीज म्हंजे अमेरिकेतल्या काळ्या, मूलनिवासी, आशियाई आणि मेक्सिकन वंशाच्या माणसांचा इतिहास त्यांच्या बाजूनं शिकवणारा विषय. हा विषय उदारमतवादी गोऱ्या प्राध्यापकांनी दिलेली भेट आहे, असं पुष्कळांना वाटतं. साफ खोटं. मी कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठात हा विषय अर्धवेळ शिकवतो. गावकुसाबाहेरच्या घरातला माणूस. कुणी कुणाला काय 'दिलं' असं ऐकलं की आधी संशय येतो. म्हणून हा इतिहास तुमच्यापुढं ठेवतोय.

सुरुवात एका अर्धवेळ मास्तरापासूनच आहे. नाव जॉर्ज मरे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात तो स्वतः शिकत होता आणि खास प्रवेशावर घेतलेल्या पोरांना इंग्रजी शिकवतही होता. १९६६ साली ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर पार्टीचा तो शिक्षणमंत्री. त्याची भाषणं विश्वस्तांना सोसवेनात. वरून दट्ट्या आला आणि १९६८ च्या नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी त्याला निलंबित केलं. कायम नोकरीचा प्राध्यापक असता तर चौकशी, समिती, सुनावणी, सगळा सोपस्कार करावा लागला असता. अर्धवेळ माणसाला काढायला किती वेळ लागतो? कागद टाइप करायला लागतो तेवढा.

पण कॉलेजातली काळी पोरं गप बसली नाहीत. मागण्या आधीपासून साचलेल्याच होत्या, मरेचं निलंबन ही ठिणगी. ६ नोव्हेंबर १९६८ ला संप सुरू झाला. ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या १० मागण्या आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटच्या ५, अशा एकूण १५. फ्रंटमध्ये मेक्सिकन, फिलिपिनो, चिनी, जपानी वंशाची पोरं. आपापली रडगाणी वेगळी न गाता एका मोर्चात आलेली. आपल्याकडं अशी एकी सभेच्या ठरावात दिसते. तिथं ती पोलिसांच्या दंडुक्याखाली टिकली.

अध्यक्षानं राजीनामा दिला. त्याच्या जागी बसवला एस. आय. हयाकावा. जपानी वंशाचा, भाषाशास्त्राचा मोठा विद्वान. २ डिसेंबरला हा विद्वान संपकऱ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या ट्रकवर चढला आणि त्यानं वायरी उपटल्या. टीव्हीवर ते देशानं बघितलं आणि तो एका दिवसात गोऱ्या मध्यमवर्गाचा हिरो झाला. पुढं १९७६ साली सिनेटवर निवडून गेला. आपल्यातल्याच एकाला खुर्चीवर बसवून आपल्याच पोरांचा आवाज बंद करायचा, ही तऱ्हा आपल्याला काय नवी आहे? जानेवारीत मास्तरांची युनियनही संपात उतरली. त्याच महिन्यात एका दिवसात चारशेच्या वर माणसं धरली. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली. साडेचार महिने चाललेला हा संप अमेरिकेतला सगळ्यात लांबलेला विद्यार्थी संप मानतात. त्यातून एथ्निक स्टडीजचं पहिलं स्वतंत्र विद्यालय उभं राहिलं. बर्कलेतही त्याच हिवाळ्यात संप झाला आणि तिथंही विभाग निघाला.

आता त्या मागण्या नीट वाचा. ब्लॅक स्टुडंट्स युनियनची पहिलीच मागणी काय? ब्लॅक स्टडीजचे वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले वर्ग एका विभागाखाली आणा, आणि तिथं शिकवणाऱ्या सगळ्यांना पूर्णवेळ पगार द्या. पुढं त्या विभागासाठी २० पूर्णवेळ जागा मागितल्या. म्हंजे पोरांना पक्कं कळलं होतं, की अभ्यासक्रम मिळाला आणि शिकवणारा टांगता राहिला, तर अभ्यासक्रमही टांगताच राहतो. आमचा इतिहास शिकवा एवढं म्हणून ती थांबली नाहीत. शिकवणाऱ्याच्या चुलीचंही बोलली.

झालं काय? विद्यालय मिळालं, मरे परत आला नाही. ब्लॅक स्टडीजची आखणी करायला १९६८ मध्ये आणलेल्या नेथन हेअर यांची मुदत वाढवली नाही. ज्यांनी पाया खणला त्यांना घरात घेतलं नाही.

आणि आज? २०२० साली कॅलिफोर्नियानं कायदा केला, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक पदवीला एथ्निक स्टडीजचा एक कोर्स सक्तीचा. मोठाच विजय. वर्ग वाढले. शिकवणारे कुठून आणले? माझ्यासारखे, वर्गागणिक. हे एकट्या ह्या विषयाचं नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत कायमपणाची आशा नसलेले शिक्षक १९८७ साली ४७ टक्के होते, २०२१ साली ६८ टक्के झाले.

माझं म्हणाल तर दोन वर्ग मिळाले तर आजारपणाचा विमा, एकच मिळाला तर नाही. पोरं कमी आली तर वर्ग रद्द, आणि तयारीचे दिवस फुकट. टेबल चौघांत एक. आमच्या आज्यानं वर्षभर गावकी करावी आणि सुगीला खळ्यावर पदर पसरून उभं राहावं, तसंच हे. बलुतं डॉलरमध्ये मिळतं एवढाच फरक.

एकदा वर्गात संपाच्या त्या १५ मागण्या वाचायला दिल्या. एक फिलिपिनो पोरगी, आजोबा डेलानोच्या द्राक्षमळ्यात राबलेले. १९६५ साली तिथला संप फिलिपिनो मजुरांनीच आधी सुरू केला होता. तिनं वाचलं आणि विचारलं, "सर, पहिली मागणी मान्य झाली, तर मग तुम्ही अर्धवेळ कसे?" वर्ग हसला. मी म्हटलं, "हाच आजचा धडा." आणि पुढचा तास आम्ही विद्यापीठाचं अंदाजपत्रक वाचण्यात घालवला.

आपला ह्याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथरचं नाव घेतलं. संबंध जुना आहे. जानेवारी २०२२ मध्ये ह्याच कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. राज्यभरासाठी तसाच कायदा विधिमंडळानं केला, पण २०२३ च्या ऑक्टोबरात गव्हर्नरनं तो परत पाठवला. म्हंजे जात सातासमुद्रापार गेलीय, हे तिथल्या कागदावर आलंय. ते वर्गात कोण शिकवणार? टांगता मास्तर? वर्गातल्याच एखाद्या सवर्ण पोराच्या बापानं तक्रार केली, की पुढच्या सत्राचं पत्र येणार नाही ही भीती पोटात घेऊन?

बाबासाहेबांनीही अर्धवेळ शिकवलंय. १९२५ ते १९२८ ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस. अर्धवेळ म्हंजे अर्ध्या लायकीचा, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि महाराष्ट्रात बघा. सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली आपली पोरं तासिका तत्त्वावर राबतायत. घड्याळी तासाचे पैसे, तेही महिनोन् महिने तुंबलेले. कायम जागाच भरली नाही, तर राखीव जागेचा प्रश्नच उरत नाही. आरक्षण रद्द केलं म्हणायला नको, मोर्चा यायला नको. नुसती जाहिरात काढायची नाही.

म्हणून सांगतो. अभ्यासक्रमात बाबासाहेब आले, फुले आले, दलित साहित्याचा पेपर आला, की आपण हार घालतो आणि घरी जातो. तो पेपर शिकवणाऱ्याला महिन्याकाठी काय मिळतं, पुढच्या जूनमध्ये तो तिथं असणार का, हे कुणी विचारत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विशीतल्या पोरांनी ते १९६८ साली विचारलं होतं, आणि सगळ्यात आधी विचारलं होतं. ती मागणी अजून वसूल व्हायची आहे. तिथंही आणि इथंही.