पिन नंबर एक कुठली?

आजचा भाग मोहोळमधल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून सुरू करते. दुकान माझ्या काकांचं. 2017 मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मी मिनी प्रोजेक्ट म्हणून पंपाच्या स्टार्टरसाठी छोटा बोर्ड केला होता. आमच्याकडे शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून लोक स्टार्टरला 'ऑटो' लावून ठेवतात. मग लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदमच उठतात, आणि डीपीवरचा फ्यूज जातो. माझ्या बोर्डवर 555 टायमर होता. लाइट आल्यावर जरा थांबायचं, मग बीसी 547 ट्रान्झिस्टरने रिले ओढायचा. एवढंच.

काकांच्या टेबलावर बोर्डाला 12 व्होल्ट दिले. वेळ भरली, रिले गप्प. ब्रेडबोर्डवर हेच सर्किट मस्त चाललं होतं! काकांनी माझी आकृती बघितलीसुद्धा नाही. ट्रान्झिस्टर काढला, सपाट बाजू उलटीकडे करून परत सोल्डर केला. टक्. रिले ओढला. "तुझ्या कॉम्प्युटरला पाय कळंनात बघ," म्हणाले.

झालं काय होतं, ते सांगते. बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पार्टची दोन रूपं असतात. एक आकृतीतलं चिन्ह, दुसरं फुटप्रिंट, म्हणजे बोर्डवर पाय बसतात त्या तांब्याच्या ठिपक्यांचा नकाशा. दोघांना पिन नंबर असतात, आणि सॉफ्टवेअर आंधळेपणाने एकला एक, दोनला दोन जोडतं. मी निवडलेल्या चिन्हात पिन 1 एमिटर होती. बीसी 547 मध्ये पिन 1 कलेक्टर असते. बेस दोन्हीकडे मधोमध, म्हणून पार्ट नुसता फिरवून भागलं.

चूक माझीच. पण ही चूक होऊ शकते अशी जागा सॉफ्टवेअरमध्ये का आहे, हे शोधताना मी बरीच मागे गेले.

कॉम्प्युटरच्या आधी बोर्ड टेपने काढायचे. पारदर्शक मायलर फिल्मवर, खऱ्या मापाच्या दुप्पट किंवा चौपट मोठं. रेषांसाठी चिकट काळी टेप, पायांसाठी गोल चकत्या, दोन थर असले तर लाल आणि निळी टेप. मग फोटोने ते मूळ मापावर आणायचं. काम किचकट, एक रेघ हलवायची तर शेजारच्या दहा उचकटायच्या. पण चिन्ह आणि वस्तू यांची गाठ एकाच माणसाच्या डोक्यात पडायची, मध्ये फाईल नव्हती.

किकॅड हे सॉफ्टवेअर 1992 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे प्राध्यापक जाँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. ते एक सॉफ्टवेअर कमी आणि चार-पाच प्रोग्रॅमचं कुटुंब जास्त होतं. आकृती काढायला एक, चिन्हाला फुटप्रिंट नेमून द्यायला दुसरा, बोर्ड काढायला तिसरा. यांच्यामध्ये नेटलिस्ट नावाची फाईल ये-जा करायची. वेगळं ठेवण्यात शहाणपण होतं, कारण रेझिस्टरचं चिन्ह एकच, पण वस्तू पायांची असेल किंवा पृष्ठभागावर चिकटणारी. आधी विचार, मग वस्तू. अनुभवी माणसाला हे आवडतं. नवशिक्याला मात्र प्रत्येक सांध्यावर ठेच लागते. आकृती बदलली आणि नेटलिस्ट परत काढायची राहिली, की बोर्ड गपचूप जुन्याच आकृतीवर चालू.

जर्मनीच्या कॅडसॉफ्टचं ईगल (1988) इथे वेगळं होतं. त्याच्या लायब्ररीत चिन्ह आणि फुटप्रिंट एकत्र बांधलेले असायचे. पण फुकट आवृत्तीत बोर्ड 100 बाय 80 मिलीमीटरच्या आतच हवा. 2016 मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं, आणि 2023 मध्ये जाहीर केलं की 7 जून 2026 पासून ईगल बंद. दुसऱ्याच्या घरात संसार मांडल्यावर असं होतं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली, ऑसकॅड नावाचं साधन तयार झालं. 2013 मध्ये त्यावर पुस्तकही आलं. पुढे त्याचं नाव फ्री-ईडीए आणि मग ई-सिम झालं. त्यांनी चाक नव्याने बनवलं नाही. आकृती आणि बोर्डासाठी किकॅड घेतलं, सर्किट चालवून बघायला एनजी-स्पाइस, आणि दोघांना पायथनने एका खिडकीत बांधलं. कडेला बटणांची पट्टी. मला विचाराल तर ही पट्टीच खरी कमाई. चार प्रोग्रॅम तेच, पण कामाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या.

सांधे मात्र आतून राहिलेच. किकॅडची नेटलिस्ट एनजी-स्पाइसला जशीच्या तशी कळत नाही, म्हणून रूपांतराची आणखी एक पायरी. शिवाय दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर उभं राहिलं की त्याच्या आवृत्तीला बांधलं जातं. किकॅड पुढे गेलं तरी ई-सिम बराच काळ किकॅड 4 वरच होतं.

मग या सांध्यांवर उपाय काय केला? आवाज! आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ केले आणि ते भारतीय भाषांत डब केले. मराठीतसुद्धा. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. थांबवा, करून बघा, पुढे जा. मेनूची नावं इंग्रजी, पण वाक्य आपलं. किकॅडच्या मालिकेतलं उदाहरण 555 टायमरचंच आहे, आणि चिन्हाला फुटप्रिंट जोडण्यावर एक अख्खा भाग आहे. इंजिनिअर म्हणून माझं मत: एका पायरीसाठी अख्खा भाग लागतो, तेव्हा ते सॉफ्टवेअरवरचं कर्ज असतं आणि ते शिकवणारा फेडत असतो. पण ते कर्ज मराठीत कुणीतरी फेडलं, म्हणून माझ्यासारखी मुलगी वसतिगृहात बसून बोर्ड काढू शकली. तो भाग मी घाईत पळवत बघितला, हे वेगळं.

2018 मध्ये किकॅड 5 आलं. आता नेटलिस्ट हाताने न काढता आकृतीवरून बोर्ड थेट अद्ययावत करता येत होता, आणि एनजी-स्पाइस आतच आलं. म्हणजे ऑसकॅडने जी मोट बांधली होती, तिकडे मूळ किकॅड पाच वर्षांनी पोचलं. 2013 पासून जिनिव्हाच्या सर्नने माणसं आणि पैसे लावले होते, हेही खरं.

आणि माझा ट्रान्झिस्टर? सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शेवटी सांगते. किकॅडच्या यादीत साध्या ट्रान्झिस्टरची चिन्हं पायांच्या क्रमाने दिलेली असतात: ई-बी-सी, सी-बी-ई वगैरे. तीन पाय, सहा क्रम. मी ई-बी-सी घेतलं, कारण आपण एमिटर, बेस, कलेक्टर असंच पाठ करतो. मला वाटलं ते ट्रान्झिस्टरचं नाव आहे. तो पायांचा क्रम होता. माहिती समोर होती, ती माहिती आहे हेच दिसत नव्हतं. आजच्या लायब्ररीत बीसी 547 चं स्वतःचं चिन्ह आहे, फुटप्रिंट आधीच जोडलेला.

दुसरा बोर्ड मी सी-बी-ई घेऊन केला आणि काकांना दिला. त्यांनी आधी मल्टीमीटर लावून तिन्ही पाय तपासले, मगच ट्रान्झिस्टर बसवला.